पुढचे दोन दिवस

पडद्यावर दोन रेषा होत्या. काळी गव्हाच्या खऱ्या वायदेभावाची, लाल काकूंच्या अंदाजाची. सख्ख्या बहिणींसारख्या दोघी हातात हात घालून चढत होत्या, उतरत होत्या.

"शंभरातले अठ्ठ्याऐंशी दिवस," काकू म्हणाल्या, "उद्या भाव चढणार की उतरणार, ते माझ्या मॉडेलनं आदल्या दिवशीच बरोबर सांगितलं."

कुणीतरी शीळ घातली. वीस वर्षं शाळेत गणित शिकवून काकू अर्थशास्त्राच्या या वर्गात पोरांच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. वयानं लहान असलेले सरसुद्धा त्यांना काकूच म्हणत.

"काकू, स्थळात एकही खोड नाही?" मागच्या बाकावरून आवाज आला. "निदान चष्मा तरी असेल मुलाला!"

सगळे हसले. पहिल्या रांगेतल्या गुंतवणूक कंपनीच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या लाल रेषेकडे तहानलेल्यासारख्या बघत होत्या.

"सोमवारपासून कामावर याल?" त्यांनी विचारलं. "फक्त एक सांगा. रोजचा भाव एवढा उड्या मारतो, तुम्ही त्याला आवरलंत कसं?"

"सोपं आहे. मॉडेलला द्यायच्या आधी सरासरी काढून भाव गुळगुळीत करून घेतला. तो दिवस, मागचे दोन, पुढचे दोन..."

काकू थांबल्या.

कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. कंपनीच्या बाई मान डोलवत पर्समधून कार्ड काढत होत्या. सरांनी प्रबंधाचं सहीचं पान उघडून पेनाचं टोपण काढलं होतं. काकूंचे कान मात्र तापले होते.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बुधवारी उभं राहून मी शुक्रवार वाचलाय."

"म्हणजे?"

"बुधवारच्या सरासरीत गुरुवार-शुक्रवारचे भाव मिसळलेत. उत्तरं बघून पेपर सोडवलाय माझ्या मॉडेलनं. शाळेत असल्या पोराला मी बाकावर उभं करायची."

त्यांनी तिथल्या तिथे पुढचे दोन दिवस काढून टाकले, फक्त मागचे ठेवले आणि कळ दाबली.

गर्दीत बहिणीचा हात सुटावा तशी लाल रेष काळीपासून सुटली. कधी मागे राहिली, कधी भलतीकडेच गेली. कोपऱ्यात आकडा उमटला. एक्कावन्न.

"नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं," मागच्या बाकावरचा पोरगा पुटपुटला. या वेळी कुणी हसलं नाही.

कंपनीच्या बाईंनी कार्ड परत पर्समध्ये ठेवलं. "आम्हाला अठ्ठ्याऐंशीच हवे होते हो," त्या हळहळून म्हणाल्या आणि दार हलकेच ओढून घेत निघून गेल्या.

काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या आकड्यांचा तक्ता एकेक ओळ खाली सरकवत होत्या. चार हजार दिवस. पेरणाऱ्याला आभाळ कळलं, त्यानं ते भावात घातलं. जहाजवाल्याला वारा कळला, त्यानं तो भावात घातला. पाववाल्याला भूक कळली, त्यानं ती भावात घातली. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं, आणि ज्याला जे कळलं ते त्यानं त्याच दिवशी ओतलेलं. उद्याचा भाव ओळखायला काकूंना वेचता येईल असा मागे एक दाणा उरला नव्हता.

"सर," त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता, "केवढं आहे हे!"

सरांनी प्रबंधातला अठ्ठ्याऐंशी खोडला, वर एक्कावन्न लिहिलं आणि खाली सही केली.

"बंद करू का पडदा?" काकूंनी विचारलं.

"राहू द्या, काकू."

मागच्या बाकावरची पोरं एकेक करत पुढे येऊन उभी राहिली. तक्ता शेवटच्या ओळीवर थांबला होता. तिथे उद्याची तारीख होती. तिच्यापुढे एक पांढरा चौकोन होता, रिकामा, आणि त्यात एक बारीकशी उभी रेघ दिसत होती, मिटत होती, पुन्हा दिसत होती.