संमती मागे घेण्याचं कारण

“मला ती बाई नको,” एल्डन म्हणाला. “माझी संमती मागे घे.”

ऑर्व्हिलने टाइपरायटरवरून हात उचलले. तुरुंगाच्या वाचनालयात खिडकीपाशी त्याचं टेबल होतं. इतर कैद्यांचे अर्ज लिहून देणं हे त्याला नेमून दिलेलं काम. एल्डन सोन्येचा दावाही वर्षभर तोच सांभाळत होता. एल्डनचा उजवा डोळा गेला होता, डावा जायच्या वाटेवर होता. तुरुंगाने वेळेवर उपचार केले नाहीत, निदान आता तरी शस्त्रक्रिया करा, एवढंच मागणं.

“सही तूच केलीस ना रे? मॅजिस्ट्रेटबाईंनी निकाल दिला तरी चालेल म्हणून? मोठ्या न्यायाधीशांकडे दीड-दोन वर्षं नंबर लागत नाही. तोवर हाही डोळा जाईल.”

“जाऊ दे.”

“त्या मॅजिस्ट्रेट ड्युप्रेबाईंनी तुझं काय वाकडं केलं? बाहेरचा डॉक्टर पाठवला. तुरुंगाच्या वकिलाला झापलं. पुढच्या महिन्यात निकाल तुझ्या बाजूने लागणार, हे आंधळ्यालाही दिसतंय.”

“आंधळ्यालाच सांगतोयस,” एल्डन म्हणाला. हसला, पण ते हसू टिकलं नाही.

ईस्टरआधीच्या उपासातला शुक्रवार होता. जेवणघरातून मासे तळल्याचा वास येत होता. एल्डनने जपमाळ मुठीत इतकी घट्ट धरली होती की मण्यांचे वळ उठले असते.

“मन बदललं, एवढ्यावर संमती मागे घेता येत नाही,” ऑर्व्हिल शांतपणे म्हणाला. “तसंच मोठं कारण लागतं. आणि तेही शपथेवर.”

“लिही, ती माझ्यावर डूख धरून आहे.”

“डूख? प्रत्येक हुकूम तुझ्या बाजूने दिलाय. जीव जडलाय म्हणून लिहू का? ते तरी पटेल.”

“थट्टा नको, वकीलबुवा.” एल्डनने खुर्ची जवळ ओढली. “तुझ्यापाशी बोललेलं बाहेर जातं का?”

“तुझी सही झाल्याशिवाय इथून कागद हलत नाही.”

एल्डन खालच्या आवाजात बोलू लागला.

“आजवर सगळी सुनावणी फोनवर होत होती. गेल्या मंगळवारी पहिल्यांदा व्हिडिओच्या पडद्यावर घेतली. मध्येच माझा आवाज तिकडे पोचेना. कारकून म्हणाला, दोन मिनिटं थांबा. तिला वाटलं असेल, तिचाही इकडे येत नाही. पण येत होता. तिने काय केलं सांगू? दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले आणि मोजायला लागली. आपल्या खाडीकाठच्या म्हाताऱ्यांच्या फ्रेंचमध्ये. हळूहळू, शंभरपर्यंत. शंभरला थांबली, हात काढले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.”

“सवय असेल.”

“मग गोड आवाजात म्हणते, मिस्टर सोन्ये, आवाज तपासायचाय, जरा आकडे मोजा. माझी दातखीळ बसली.”

“अरे, सगळ्यांनाच मोजायला सांगतात.”

“ते मोजणं मी तिला शिकवलंय, ऑर्व्हिल.”

खिडकीबाहेर कोणीतरी फावड्याने खडी ओढत होतं.

“खाडीकाठी गळ आणि जाळी विकायचं एक दुकान होतं,” एल्डन म्हणाला. “भर दुपारी शिरलो. मालकाने मागून लोखंडी सळई काढली, माझ्या हातात पिस्तूल. झालं ते झालं. वळून बघतो तर गल्ल्याखाली एक पोर, सात-आठ वर्षांची. मी म्हटलं, डोळे झाक, शंभर मोज, मग तुझा बाप उठेल. पोरीने लगेच तळवे डोळ्यांवर ठेवले. दारातून बाहेर पडलो तरी मोजणं ऐकू येत होतं. त्याच संध्याकाळी टेक्सास गाठलं, बावीस वर्षं इकडे फिरकलो नाही. पुढे काय झालं, कोणाला धरलं की नाही, देव जाणे.” त्याने गालावरून हात फिरवला. “तिने मला ओळखलंय की नाही, तेच कळत नाही. अशा माणसाच्या हातून डोळा कसा घेऊ मी? आता तूच काहीतरी कारण बनव. तुला जमतं.”

ऑर्व्हिलने नवा कागद चढवला आणि टाइप करू लागला. एल्डन कान देऊन बसला. बराच वेळ एकसारखा, न अडखळता आवाज येत राहिला. एकदाही ऑर्व्हिलने काही विचारलं नाही.

“एवढं काय लिहितोयस?”

“वाचून दाखवतो. सहीआधी सगळ्यांनाच दाखवतो.” ऑर्व्हिलने कागद काढला आणि नेहमीच्याच संथ आवाजात वाचलं, “मी, एल्डन सोन्ये, शपथेवर सांगतो की बारा मार्च एकोणीसशे त्र्याण्णव, शुक्रवार, दुपारी सव्वादोन वाजता, पेलिकन रस्त्यावरच्या दुकानात शिरून मी मालक ॲम्ब्रोज थेरियो यांना दोन गोळ्या घातल्या...”

“थांब.” एल्डनचा आवाज चिरकला. “कुठला वार होता, ते तर मलाही आठवत नव्हतं. त्याचं नाव तर मला कधीच ठाऊक नव्हतं. तुला कुठून कळलं?”

ऑर्व्हिलने त्याचा हात धरला आणि त्याचं बोट सहीच्या रेघेवर नेऊन टेकवलं.

“माझ्या जन्मठेपेच्या कागदावर हेच लिहिलंय,” तो म्हणाला.