हिराजीचा पाय

"बंद कर तो ड्रम!" हळदीच्या मांडवात पदीबाय ओरडली. "माझ्या नवऱ्याचा पाय आहे तो!"

बँजो पार्टीतला प्रीतेश चपापला. त्याच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमची हायहॅट, म्हणजे पायाने मिटायची झांज, नुसती रबराची होती. आवाज खरा वाटावा म्हणून कंपनीने तिच्यात कुणा मेलेल्या वादकाच्या पायाची सवय भरली होती.

"कसं ओळखलंस, काकी?"

"हिराजीचा घोटा मोडलेला होता. त्याची झांज मिटायला जरा उशीरच व्हायचा. त्याचा पाय यात भरताना मला विचारलं होतं का कुणी?"

"उशीर होय? थांब, पुसून टाकतो," म्हणत प्रीतेशने ओशाळून बटण दाबलं आणि पुन्हा ठेका धरला.

झांज अगदी वेळेवर मिटली.

पदीबायने त्याची कॉलर धरली. "मेल्या, परत आण त्याला!"