तंबाखूचा रविवार

खोटं वाटेल, पण स्पेनच्या यादवीत आमच्या डोंगरावर तंबाखू सगळी शत्रूकडे होती आणि सिगारेट वळायचा कागद सगळा आमच्याकडे. म्हणून दर रविवारी दोन्हीकडच्या बंदुका तासभर गप्प व्हायच्या आणि आमचा बेनिग्नो कागद घेऊन मधल्या ऑलिव्हच्या झाडाखाली जायचा. गेला रविवार पावसानं बुडवला होता. अकरा दिवस बटाट्याची वाळकी पानं ओढून बेनिग्नोच्या तोंडाला जळक्या गोणपाटाची चव आली होती.

या खेपेला आमच्या बाजूनं लढायला आयर्लंडहून आलेला कॉर्मक पहाऱ्याला त्याच्याबरोबर निघाला. "शत्रूशी देवघेव? शी! लाज कशी वाटत नाही, काका?"

झाडाखाली शत्रूकडचा हासिन्तो तंबाखूची पिशवी घेऊन उभा होता, आणि त्याच्यामागेही एक आयरिश स्वयंसेवक.

दोघा आयरिशांनी एकमेकांना पाहिलं मात्र, बंदुका फेकून ते गुद्द्यांवर आले.

"काका, आमच्या देशातल्या यादवीत यानं आमचा गोठा जाळला!" कॉर्मक ओरडला.

"आधी यांनी आमच्या गावचा पूल उडवला!" दुसरा किंचाळला.

तंबाखूची पिशवी त्यांच्या बुटांखाली फुटली आणि सगळी तंबाखू चिखलात कालवली गेली.

"सोडवायचं का रे यांना?" हासिन्तोनं विचारलं.

बेनिग्नो पचकन थुंकला.



"छे! दुसऱ्याच्या घरच्या भांडणात आपण कशाला पडायचं?"