पुढच्या दोन दातांतली फट

वैभवीचं जमता जमता मोडलं, आणि ते दातांवरूनच मोडलं. पण सध्या तसं काही घडलेलंच नाही असं धरून चला. सध्या ती मंगरूळपीरला डॉक्टर धम्मदीपांच्या खुर्चीत आ वासून आडवी आहे आणि तिचे बाबा, जगदेव, टोपी मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेत.

"पुढच्या दोन दातांत फट हाये," जगदेव म्हणाले. "मालेगावच्या पाहुण्यायनं फोनवर सांगतलं, पोरगी पसंत हाये, पण रविवारी पाह्यले येऊ तवा फट दिसली नाही पाह्यजे."

"दात माहे हायेत, त मले विचारा ना," वैभवी म्हणाली. तोंडात आरसा असल्यामुळे यातला 'आ' तेवढा ऐकू आला.

डॉक्टरांनी आरसा काढला. "होऊ शकते. दात मजबूत, हिरड्या चांगल्या, चावा बरोबर. नखाएवढी पातळ चकती वरून चिकटवाची. व्हिनिअर म्हणतात. हिचा दात जवळपास तासावाच लागणार नाही."

"अन ज्याचा तासा लागते?" वैभवीने विचारलं.

डॉक्टरांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे नुसत्या ओठादातांचे दोन फोटो होते. पहिल्यात तुरीच्या वाकड्यातिकड्या काड्यांचं, तुराट्यांचं कुंपण, दुसऱ्यात बाथरूमच्या टाइल्स. वरच्या ओठावर डावीकडचा तीळ तेवढा दोन्हीकडे सारखा.

"याले म्हटलं होतं, तू झोपेत दात खातं, तुह्यासाठी हे बरोबर नाही. आयकलंच नाही. वरचे सहाच्या सहा तासा लागले. तासलेला दात काही पुन्हा वाढत नाही."

"मंग माह्यासाठी बरोबर हाये?"

"दाताच्या बाजूनं हाये. तुले पाह्यजे का, ते एक्स-रेत दिसत नाही."

वैभवीने जिभेचं टोक फटीत घालून पाहिलं. शेलूबाजारच्या ई-सेवा केंद्रात ती दिवसभर लोकांचे अर्ज लिहायची, मूळ कागद आणलेत का म्हणून विचारायची. अर्जात काय लिहावं सुचेनासं झालं की जीभ तिथे जाऊन बसायची. सव्वीस वर्षांचा शेजार होता.

"नाही पाह्यजे," ती म्हणाली.

"वैभे, पाहुणे उठून गेले त?" जगदेव म्हणाले.

"पोहे उरतीन. मी खाईन."

जगदेवांनी घरापर्यंत एकही खड्डा चुकवला नाही. बोलायचं ते सगळं मोटारसायकलच बोलली.

रविवारी जीपमधून सात पाहुणे उतरले. मुलगा ऋषिकेश रुमालाने तोंडावरची धूळ टिपतच आत आला आणि तो रुमाल तसाच धरून बसला. वैभवीने पोह्यांचा ट्रे समोर धरला आणि सगळे दात दाखवून हसली.

मुलाच्या वडिलांचा, इंद्रभानरावांचा, चमचा हवेतच थांबला.

"जगदेवराव, आपलं काय ठरलं होतं?"

जगदेवांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मान खाली घालावी तर समोर पोहेच होते. शेवटी ते म्हणाले, "पोरगी नाही म्हणे. मंग मी बी नाहीच म्हणतो."

वैभवीने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या पुढ्यात तिने दोन चमचे पोहे जास्तीचे वाढले.

"आमच्या घरात असं चालत नाही," इंद्रभानराव म्हणाले. "आमच्यात बनावट काहीच नसते. पिढ्यान्‌पिढ्या दात उपजतच सरळ. ऋषिकेश, रुमाल काढ. हस."

ऋषिकेशने वडिलांकडे पाहिलं, मग जीपकडे पाहिलं, आणि रुमाल काढून हसला. खोलीत ट्यूबलाइट लागल्यासारखं झालं. वरच्या ओठावर, डावीकडे, तीळ होता.

वैभवीने ट्रे खाली ठेवला, कोनाड्यातून कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहून इंद्रभानरावांच्या हातात दिला: "प्रति, वरपक्ष, मु. पो. मालेगाव. विषय: मूळ प्रत मिळणेबाबत. महोदय, आपल्या चिरंजीवांचे वरचे सहाही मूळ दात पडताळणीसाठी सात दिवसांच्या आत सादर करावेत, झेरॉक्स चालणार नाही, ही नम्र विनंती."