रिकामी सुई

सीमेवरून नवऱ्याचा फोन आला की खुशालीपाशीच बोलणं आटपायचं. मग तो म्हणायचा, “तू शिवत बस, मी ऐकतो.” पायमशीनची घरघर ऐकली की त्याला घरी बसल्यासारखं वाटायचं. आज ती बाही जोडत असताना फोनमध्ये काहीतरी धडाडलं. “काय हो ते?” “काही नाही गं, ट्रकचं दार लागलं. थांबू नकोस.” ट्रकचं दार असं वाजत नाही, हे तिलाही कळलं. ती जोरजोरात पाय मारत राहिली. चहा घेऊन सासूबाई आल्या. “अगं, दोरा तुटलाय! रिकामी सुई काय नाचवतेस?” “नाचू दे, आई. थांबले तर त्यांना कळेल, मी घाबरलेय.” फोन केव्हाच कट झाला होता, ते दोघींनाही दिसत होतं. सासूबाई तिला खेटून बसल्या. “जरा दमानं चालव. एवढ्या घाईनं तू कधी शिवत नाहीस, त्याला कळेल.”