मेणाचं आजारपण

रोमच्या सम्राटांचं दफन केव्हाच उरकलं होतं. तरी रिवाजाप्रमाणे त्यांचा मेणाचा पुतळा हस्तिदंती पलंगावर आजारी म्हणून निजवलेला, आणि त्याला मोरपिसांच्या पंख्यानं वारा घालणारी दासी मी. सम्राट गेल्यावर मला मुक्त करावं, असं मृत्युपत्रात लिहिलं होतं. पण पुतळा ‘जिवंत’ तोवर सम्राट जिवंत. वैद्यबुवा रोज मेणाची नाडी बघायचे आणि अंजिरं चघळत सांगायचे, “प्रकृती खालावलीय.” “बुवा, आता जाऊ द्या की त्यांना.” “घाई कसली, थालुसा? इथलं जेवण झकास आहे.” दुपारी ऊन पलंगावर आलं. मी पंखा बाजूला ठेवला. हळूहळू सम्राटांचं नाक ओठांवर उतरलं. वैद्यबुवांच्या हातातलं अंजीर गळालं. “गेले,” त्यांनी घाईघाईनं दरबाऱ्यांना कळवलं. सगळ्यांनी हंबरडा फोडला. मी पंखा उचलला, खाली बसले आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतःला वारा घातला.