लाटांचा डाव

"ठसा द्या," ती म्हणाली.

काकाने बँडसॉ बंद केला नाही. करवतीची पट्टी दोन चाकांवरून खाली येत राहिली आणि त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर लाकूड कापत राहिली. ऐकू न आल्याचं सोंग घ्यायला हे यंत्र फार सोयीचं होतं.

"बाबांच्या नावाचा ठसा. द्या म्हटलं ना."

"पुन्हा 'द्या'," तो म्हणाला, आणि मग यंत्र थांबलं.

बाबा गेल्यापासून ती त्याला अहो-जाहो करत होती. बोलायला लागल्यापासून ज्याला 'ए काका' म्हटलं, त्याला 'तुम्ही'. त्यांच्या घरात याहून मोठी शिवी कोणी कोणाला दिली नव्हती.

भिंतीशी फळ्यांवर डाव रचले होते. पीठ, साखर, धान्य काढायचे लाकडी डाव, आखूड दांड्याचे आणि खोलगट. वरच्या फळीवर बाबांचे जुने, पाण्यावरून हात फिरवावा इतके गुळगुळीत. खालच्या सगळ्या फळ्यांवर गेल्या चार वर्षांतले. त्यांच्या पाठीवर दांड्यापासून पोटापर्यंत करवतीचे ओरखडे होते, एकाशेजारी एक, लाटांसारखे. गिऱ्हाइकं त्यांना लाटांचे डावच म्हणत. प्रत्येकाच्या दांड्यावर तापल्या ठशाने बाबांचं नाव डागलेलं होतं.

"बाबा एकेक डाव घासत दुपार घालवायचे," ती म्हणाली. "खडबडीत राहिला तर जाळायला टाकायचे. तुम्ही त्यांना मशीनवरून उठवलंत आणि त्यांच्या नावावर हे ओरबाडलेलं लाकूड खपवलंत. नाचता येईना, अंगण वाकडं. घासायचा कंटाळा, म्हणून लाटा."

"घासायचा कंटाळा," काकाने मान डोलावली. "बरं. अजून?"

"अजून काय? सगळा तुमचाच डाव होता."

"होताच. दुकानच डावांचं आहे."

तिला हसू आलं नाही. लहानपणी हा विनोद इथे रोज व्हायचा आणि बाबा रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. आता तो या माणसाच्या तोंडी तिला चोरीचा माल वाटला. तिने खण ओढला. पटाशा बाजूला सारून लोखंडी ठसा उचलला.

काकाने अडवलं नाही. "ने. लोणचं घाल त्याचं."

"उद्यापासून यांच्यावर बाबांचं नाव नको. हे बाबांचे नाहीतच."

"काय म्हणालीस?"

"बाबांचे नाहीत."

काकाने बाजूच्या पेटीतून एक कोरा डाव उचलला, नुकताच घासलेला, आरशासारखा. यंत्र पुन्हा घरघरू लागलं.

"मग बघच, मी कसा बिघडवतो ते. लांबून शेरे मारू नकोस. आली मोठी शहाणी. जवळ ये."

ती जवळ गेली. त्याने डाव दोन्ही हातांत धरला. हात शिकंजात आवळल्यासारखे स्थिर होते. मग त्याने डावाची पाठ फिरत्या पट्टीच्या दातांना लावली, जेमतेम टेकेल इतकीच, आणि त्याचं उजवं मनगट थरथरलं.

सफाईदार फटकारा येईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. दोन छोटे हिसके. थांबा. दोन छोटे हिसके. पुन्हा थांबा. प्रत्येक हिसक्याला लाकडावर एक लाट उमटत होती. काकाचे डोळे लाकडावर नव्हते. विसरत चाललेली चाल आठवताना माणूस बघतो तसा तो कुठेतरी वर बघत होता. डाव पट्टीपासून दूर झाला आणि हात पुन्हा दगडासारखा स्थिर झाला.

ही थरथर तिने पाहिली होती. बशीत कप असाच वाजायचा. शेवटच्या वर्षी बाबांचा कप ती अर्धाच भरायची. हे कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने ठामपणे सांगितलं होतं, आत्ताच सुरू झालंय.

"हा हात तुमचा नाही," ती म्हणाली.

काकाने डावावरचा भुसा फुंकला.

"दादाचा एक डाव असा निघाला. गिऱ्हाईक समोर उभं. दादा पांढराफटक. मी म्हटलं, नवा नमुना आहे. आता नमुना म्हटल्यावर माझेही तसेच निघायला नकोत?" त्याने फळ्यांकडे हनुवटी उडवली. "यातले कितीतरी त्याचे आहेत. कुठले ते ओळखून दाखव आणि तेवढे घरी ने. मला ओळखता येत नाहीत. आणि मशीनवरून उठवलं म्हणतेस ना, ते बोटं शाबूत होती तेव्हा उठवलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला कळू द्यायचं नाही, ही त्याची अट. आणि तू तरी कधी विचारलंस? आलीस ती ठसा मागायला. मिळाला ना? नीघ मग. मला काम आहे. रोज काढला नाही तर हात विसरतो मी त्याचा."

त्याने दुसरा डाव घेतला आणि तिच्याकडे पाठ केली. दोन छोटे. थांबा. दोन छोटे. थांबा.

तिने ठसा टेबलावर आपटला. काकाने वर पाहिलं नाही.

"चुकतोयस," ती म्हणाली. "दोन छोटे, मग थांबा, आणि मग एक मोठा. त्या मोठ्यानेच चहा सांडायचा. तो तुला माहीतच नाही, काका."